चेंडूची दिशा ठरते अर्ध्या मिलिसेकंदात

क्रिकेटच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. बॅट कितीही सरळ रेषेत खाली आली, तरी शेवटच्या क्षणी तिचा दर्शनी भाग किंचित उघडला, की मिड-ऑफकडे जाणारा चेंडू पॉइंटच्या दिशेने पळतो. गोल्फमध्येही तेच घडते. फरक इतकाच, की तेथे चेंडू जागेवर स्थिर असतो आणि चूक झाकण्यासाठी गोलंदाजाचे निमित्त हाताशी नसते.

असे असूनही गेल्या शतकात कित्येक वर्षे गोल्फचे प्रशिक्षक वेगळेच शिकवीत होते. चेंडू क्लबच्या मार्गाच्या दिशेने निघतो आणि नंतर क्लबफेस, म्हणजे क्लबच्या टोकाचा चेंडूला भिडणारा सपाट भाग, जिकडे रोखलेला असेल तिकडे वळतो, असा हा नियम. तो पाठ्यपुस्तकांत होता आणि नामवंत खेळाडूंच्या तोंडीही होता. वस्तुतः अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांचे ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ हे संशोधनपर पुस्तक १९६८ सालीच आले होते. चेंडूच्या सुरुवातीच्या दिशेवर क्लबफेसचाच प्रभाव अधिक असतो, हे त्यात दिसत होते. नेब्रास्का विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गेन्सन यांनी १९९४ मध्ये त्याची भूमितीही मांडली. पण मैदानावर ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. २००३ मध्ये डेन्मार्कमध्ये ‘ट्रॅकमॅन’ ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या रडारने प्रत्येक फटक्याची मोजदाद सुरू केली, तेव्हा कुठे हा वाद मिटू लागला.

आज सर्वमान्य असलेले गणित असे. चेंडू निघतो ती दिशा ड्रायव्हरने मारताना साधारण ८५ टक्के आणि आयर्नने मारताना सुमारे ७५ टक्के क्लबफेस ठरवतो. उरलेला वाटा क्लबच्या मार्गाचा. पुढे चेंडू हवेत किती वळेल, हे फेस आणि मार्ग यांच्यातील कोनावर अवलंबून असते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फेस मार्गाच्या तुलनेत उघडा असेल, तर चेंडू उजवीकडे वळतो. त्याला स्लाइस म्हणतात. फेस मिटलेला असेल, तर चेंडू डावीकडे वळतो, तो हुक.

जुन्या नियमाने किती नुकसान केले असेल, हे एका उदाहरणावरून कळते. आपण आणि ध्वज यांच्या मध्ये झाड आहे. जुन्या शिकवणीप्रमाणे फेस ध्वजाकडे रोखायचा आणि क्लब मात्र झाडाच्या उजवीकडे फिरवायचा. प्रत्यक्षात चेंडू फेसच्या दिशेनेच निघतो आणि थेट झाडावर आदळतो. मग खेळाडू स्वतःच्या हातांना दोष देतो. बिचारे हात सांगितले तेच करीत होते! झाड खरोखर चुकवायचे, तर फेसच झाडाच्या उजवीकडे रोखला पाहिजे आणि मार्ग त्याहूनही उजवीकडे हवा.

हौशी खेळाडूंचा नेहमीचा स्लाइसही याच गैरसमजावर पोसला जातो. चेंडू उजवीकडे जातो, म्हणून खेळाडू क्लब अधिक डावीकडे ओढतो. फेस होता तसाच राहतो, मार्ग आणखी डावीकडे जातो, दोहोंतील कोन वाढतो आणि पुढचा चेंडू पहिल्यापेक्षा जास्त वळतो.

मग ऐन आघाताच्या क्षणी फेस सरळ का करू नये? कारण तेवढा वेळच नसतो. क्लब व चेंडू यांचा संपर्क अवघा अर्धा मिलिसेकंद टिकतो. तेवढ्यात दोघे मिळून दोन-अडीच सेंटिमीटर पुढे जातात. वरून खाली येणारा स्विंग पाव सेकंदाच्या आसपास संपतो आणि माणसाला प्रतिक्रिया देण्यासच जवळपास तेवढा वेळ लागतो. दुसरीकडे, फेस एका अंशाने चुकला, तरी २०० यार्डांवर चेंडू सुमारे तीन यार्ड बाजूला जातो, आणि हवेतील वळण त्यात मिळवायचे ते वेगळेच. म्हणजे फेसचा बंदोबस्त आधीच, पकडीत आणि मनगटात, करून ठेवावा लागतो.

बेन होगन यांना हे कष्टाने उमगले. उमेदीच्या काळात हुकने त्यांचा पिच्छा पुरवला होता. १९५५ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकातून त्यांनी आपले ‘रहस्य’ उघड केले. पकड थोडी डावीकडे वळवायची आणि स्विंगच्या माथ्यावर डावे मनगट मागे मुडपायचे. त्यामुळे फेस उघडा राहतो आणि अंगातला सगळा जोर लावला, तरी तो अकाली मिटत नाही. १९४९ च्या भीषण मोटार अपघातातून उठून पुढच्याच वर्षी यूएस ओपन जिंकणाऱ्या या खेळाडूचा उपाय जगभर गिरवला गेला. दुर्दैवाने त्यात मुळातच स्लाइस मारणारेही होते. ज्याचा फेस आधीच उघडा, त्याने तो आणखी उघडावा, यासारखा उफराटा उपचार नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण डस्टिन जॉन्सनचे. २०१६ चे यूएस ओपन आणि २०२० चे मास्टर्स जिंकणाऱ्या जॉन्सनचे डावे मनगट स्विंगच्या माथ्यावर बाहेर फुगलेले असते आणि फेस मिटलेला. तो हुक टाळतो तो आघाताच्या वेळी कंबर व छाती वेगाने लक्ष्याकडे फिरवून. मनगटे दोन तऱ्हांची, पण चेंडूपाशी दोघांचा फेस जवळपास सारखा येतो. म्हणून कोणाचे मनगट उसने घेण्यापूर्वी त्याची पकड आणि त्याच्या शरीराची फिरकही पाहावी.

आपल्या पकडीची परीक्षा सोपी आहे. चेंडूसमोर उभे राहून डाव्या हाताकडे पाहावे. बोटांच्या मुळाशी असलेले दोन ते तीन उंचवटे दिसले, तर पकड मध्यम. एकच दिसत असेल आणि चेंडू उजवीकडे वळत असेल, तर हात थोडा उजवीकडे फिरवावा. मात्र त्याआधी क्लबफेसवर पावडरचा हलका फवारा मारून चेंडूचा ठसा कुठे उमटतो, ते बघावे. ड्रायव्हरचा ठसा टोकाकडे असेल, तर चेंडूला डावीकडे आणि दांड्याकडे असेल, तर उजवीकडे वळवणारी फिरकी मिळते. तेथे पकडीचा काही दोष नसतो. ठसा मध्यावर आला, की नऊ नंबरचे आयर्न घेऊन हात कमरेपर्यंतच नेणारे अर्धे स्विंग करावेत आणि चेंडू कुठे पडला याऐवजी तो कोणत्या दिशेने निघाला, एवढेच टिपावे.