रेडिएटरमधली विहीर

मे महिन्यातल्या रविवारी दुपारी मांडव्याच्या जेट्टीवर रो-रो बोटीची वाट बघत उभं राहणं म्हणजे जुन्या गाडीची तोंडी परीक्षा. डोक्यावर ऊन, आत एसी, गाडी दोन फूट सरकते आणि परत थांबते. आमची गाडी वीस वर्षांची. तिचा काटा मधल्या रेघेवरून उठला आणि लाल खुणेकडे निघाला. बोनेट उघडलं. टाकीतलं कूलंट हिरवं असायला हवं होतं, ते टपरीवरच्या चहासारखं दिसत होतं. ‘गॅस्केट गेलं,’ मी मनाशी म्हटलं आणि खिसा चाचपला.

2020 च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या आणणारी ही बोट सुरू झाली. पेण-वडखळचा शंभराहून जास्त किलोमीटरचा फेरा तासाभराच्या समुद्रप्रवासावर आला. मुंबईत महिनोन्महिने उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गाड्याही तेव्हापासून ऐटीत इकडे उतरू लागल्या, आणि त्यांची दुखणी इथल्या मेस्त्र्यांच्या दारात आली.

बोट सोडून दिली. गाडी थंड होऊ दिली आणि थांबत थांबत रस्त्यावरच्या गॅरेजपर्यंत नेली. मेस्त्रीने गाडीला हातही लावला नाही. आधी विचारलं, “काका, काटा रांगेत चढतो की खिंडीत?”

प्रश्न साधा होता, पण निम्मं निदान त्यातच होतं. गाडी उभी असताना रेडिएटरला वारा देतो तो फक्त पंखा. त्यामुळे रांगेत काटा चढतो आणि चालू लागलं की उतरतो, तेव्हा पंखा, त्याचा फ्यूज, रिले नाहीतर सेन्सर तपासायचा. उलट, अलिबागहून पोयनाडकडे जाताना कार्लेखिंडीच्या चढावर काटा चढत असेल तर वारा भरपूर असतो. कमी पडतं ते पाणी. म्हणजे रेडिएटर आतून तुंबलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा पंपाची पाती झिजलेली. आमची गाडी आदल्या दिवशी खिंडीतही तापली होती आणि आज पंखा तर घरघरत होता. म्हणजे खोट पाण्यात.

मेस्त्रीने झाकण उघडलं ते अर्ध्या तासाने, वर फडकं टाकून, तेही वरचा होज पाइप हाताला थंड लागल्यावर. ही गंमत नव्हे. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट झाकणाच्या दाबाखाली सव्वाशे अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. तापलेलं झाकण काढलं की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात उसळून तोंडावर येतं. तोंड भाजलेले ड्रायव्हर प्रत्येक मेस्त्रीला ठाऊक असतात.

मग त्याने पाण्याच्या बाटलीत तो ‘चहा’ भरला आणि खिडकीत ठेवून दिला. खरा चहा पिऊन होईपर्यंत तळाशी तांबडी रेती बसली होती, वर तवंग नव्हता. गंज तळाला जातो, तेल वर तरंगतं. इंजिन ऑइल कूलंटमध्ये घोटलं गेलं असेल तर दुधाळ, बोटाला चिकटणारा लगदा होतो आणि तो मुळीच निवळत नाही. तसं दिसलं असतं तर गॅस्केटची माझी भीती खरी ठरली असती.

तरी त्याने डिपस्टिक काढून पाहिली. पाणी ऑइलमध्ये शिरलं की ऑइलही दुधाळ होतं, आणि तशा इंजिनाला स्टार्टर मारणं म्हणजे बेअरिंग घालवणं. कोकणात मात्र इथे एक फसगत होते. पावसाळ्यात गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय जमते. ती नुसती दमट हवा असू शकते. डिपस्टिक स्वच्छ असेल आणि पाणी कमी होत नसेल, तर त्या सायीसाठी हेड उतरवायचं नाही. थंड इंजिन चालू केल्याबरोबर होज दगडासारखा कडक होतो का, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबता थांबत नाहीत का, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का, हे बघायचं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

“पाणी कुठलं घालता?” मेस्त्रीचा दुसरा प्रश्न. मी गप्प. वाडीतल्या विहिरीचं. दोन वर्षं, कमी झालं की तांब्याने.

किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. त्या पाण्यात डाळ नीट शिजत नाही. तेच पाणी इंजिनात गेलं की त्यातला चुना गरम भिंतींवर थर धरतो, किटलीत धरतो तसाच. मीठ अ‍ॅल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं त्या भरीने पातळ होतात. जुन्या पद्धतीच्या हिरव्या कूलंटमध्ये ती एरवीही दोन-तीन वर्षांतच संपत येतात. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीने नळाचं पाणी पिऊन संसार केला, हे खरं. पण तिचा रेडिएटर तांब्या-पितळेचा. तो उघडून, नळ्यांत सळी घालून साफ करायचा आणि परत डाग द्यायचा. त्याला ‘रॉडिंग’ म्हणत. आताच्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला आणि प्लास्टिकच्या टाकीला हे रॉडिंग सोसत नाही.

पुढचे दोन तास पाणी काढणं आणि भरणं. साध्या पाण्याच्या तीन धुण्या झाल्या, तीनदा विटकरी पाणी आलं. चौथ्यांदा जरा निवळलं. शेवटची धुणी डिस्टिल्ड वॉटरची, कारण आत उरतं तेच पुढच्या कूलंटमध्ये मिसळतं. मग त्याने थर्मोस्टॅट काढून शेजारच्या चहावाल्याच्या टोपात, उकळत्या पाण्यात सोडला. धडधाकट थर्मोस्टॅट ऐंशी ते नव्वद अंशांच्या दरम्यान उघडू लागतो. आमच्या थर्मोस्टॅटने जेमतेम फट दाखवली. “हा तुमच्या विहिरीने धरलाय,” मेस्त्री म्हणाला. काही जण अशा वेळी तो काढूनच टाकतात. मग इंजिन गार राहतं आणि पेट्रोल पितं. याने नवा बसवला.

रंग बघून कूलंट घ्यायचं नाही, हेही तिथेच कळलं. हिरवं, लाल, निळं हा कंपनीने घातलेला रंग. आतलं रसायन पुस्तिकेत बघायचं. न जुळणारी दोन मिसळली तर गंजरोधक निकामी होतात, कधी चिकट साका होऊन नळ्या पुन्हा तुंबतात. मी हिरव्यावर हिरवं म्हणून कुठलंही ओतणार होतो.

बादलीतलं काढलेलं कूलंट हुंगायला गॅरेजमधलं कुत्रं आलं. मेस्त्री हातातलं काम टाकून धावला. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि थोडंसं पोटात गेलं तरी कुत्र्याची किडनी जाते. ते त्याने झाकणाच्या कॅनमध्ये भरलं आणि फळीवर उंच ठेवलं, गटारात ओतलं नाही.

संध्याकाळच्या बोटीच्या रांगेत पाऊण तास उभे होतो. पंखा दोनदा लागला, दोनदा बंद झाला. काटा मधल्या रेघेवर. डिकीत डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन होता. बायकोने त्यावर मार्करने लिहिलं होतं, ‘पिण्याचं नाही, गाडीचं’.