खेळ एकाचा, प्रकाशनाचा हक्क दुसऱ्याचा

'अ‍ॅलन वेक' हा व्हिडिओ गेम मे २०१० मध्ये बाजारात आला. त्याचा दुसरा भाग येण्यास २७ ऑक्टोबर २०२३ ही तारीख उजाडावी लागली. मधली तेरा वर्षे निर्माते स्वस्थ बसले होते असे नाही. या विलंबाचे एक मोठे कारण करारपत्रांत दडलेले आहे.

फिनलंडमधील एस्पो शहरातील 'रेमेडी' या संस्थेने हा खेळ घडवला. कथा, पात्रे आणि नाव यांची बौद्धिक संपदा तिच्याकडेच राहिली; प्रकाशनाचे हक्क मात्र मायक्रोसॉफ्टकडे होते. पुस्तकाच्या व्यवहारात लेखक आणि आवृत्ती काढणारा प्रकाशक यांत असतो, तसाच हा भेद. फरक इतकाच की, मोठ्या खेळाच्या निर्मितीस कोट्यवधी रुपये लागतात आणि ते बहुधा प्रकाशकच पुरवतो. त्यामुळे कागदोपत्री मालक असूनही निर्मात्याला पुढचा भाग केवळ स्वतःच्या इच्छेने काढता येत नाही.

रेमेडीने दुसऱ्या भागाचा नमुना पहिल्यानंतर लवकरच तयार केला होता. मायक्रोसॉफ्टला मात्र काही नवे हवे होते. त्या बोलण्यांतून २०१६ मध्ये 'क्वांटम ब्रेक' अवतरला आणि त्याची मालकी मायक्रोसॉफ्टकडे गेली. दरम्यान मे २०१७ मध्ये खुद्द पहिला 'अ‍ॅलन वेक'च विक्रीतून काढावा लागला. खेळात वापरलेल्या गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपली होती. नव्याने परवाने मिळून तो ऑक्टोबर २०१८ मध्ये परतला. एका खेळात किती जणांचे हक्क गुंतलेले असतात, हे यावरून ध्यानात यावे.

जुलै २०१९ मध्ये प्रकाशनाचे हक्क रेमेडीकडे परत आल्याचे जाहीर झाले. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये एपिक गेम्सशी करार झाला: निर्मितीचा संपूर्ण खर्चही एपिक उचलू शकेल, बौद्धिक संपदा रेमेडीचीच राहील आणि खर्च वसूल झाल्यावर नफ्याचा निदान निम्मा वाटा निर्मात्याला मिळेल. अट उदार दिसते, पण 'वसूल झाल्यावर' हे शब्द जड आहेत. दुसऱ्या भागाची वाखाणणी झाली, तरी खर्च भरून निघण्यास वर्षाहून अधिक काळ गेला. शिवाय संगणकावरील आवृत्ती एपिकच्याच दुकानात मिळते, हेही त्या पैशाचे मोल.

मालकी विकून टाकली तर काय घडते, याचा धडा रेमेडीने आधीच घेतला होता. 'मॅक्स पेन'चे हक्क २००२ मध्ये एक कोटी डॉलर रोख आणि काही समभागांच्या बदल्यात टेक-टू कंपनीला दिले गेले. तिसरा भाग २०१२ मध्ये आला, तो टेक-टूच्याच रॉकस्टारने घडवला, मूळ निर्मात्यांविना. 'कंट्रोल'च्या बाबतीत उलटा प्रवास झाला. २०१९ मध्ये ५०५ गेम्सने प्रकाशित केलेल्या या खेळाचे हक्क रेमेडीने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे १ कोटी ७० लाख युरो मोजून परत घेतले. आपल्याच खेळाचे हक्क असे विकत घ्यावे लागणे विचित्र वाटेल. पुढील भागाचे वेळापत्रक आपल्या हाती ठेवण्याची ती किंमत होती.

आपल्याकडेही तरुण मुले खेळ बनवू लागली आहेत. त्यांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ अवश्य वाचावे. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर हक्कांचे हस्तांतर पाच वर्षांचे मानले जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर ते भारतापुरतेच धरले जाते. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत आणि करारात वेगळे काही नमूद नसेल, तर ते संपुष्टात येतात. कलम ३०अ नुसार परवान्यांनाही हीच तत्त्वे लागू होतात. मात्र करारातील स्पष्ट शब्द या बहुतेक सवलती पुसून टाकू शकतात. म्हणून सही करण्यापूर्वी मुदत, प्रदेश आणि पुढील भागांविषयीचे कलम, ही तीन ठिकाणे आधी शोधावीत.