आंतरराष्ट्रीय इतिहासात पीएच.डी. : खानदेशातून निघणारी वाट



बारावीनंतर पुढे काय, असं मुलांना विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. इंजिनिअरिंग, नर्सिंग, पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा. एखादी मुलगी हळूच म्हणते, "मॅडम, मला इतिहासात पुढे शिकायचंय." मग घरातून प्रश्न येतो, "इतिहास शिकून पोट भरतं का?" प्रश्न चुकीचा नाही. कापसाला भाव नसलेल्या वर्षी मुलीच्या शिक्षणाचा खर्च करणाऱ्या बापाला तो विचारायचा हक्कच आहे. म्हणून या लेखात इतिहासातली सगळ्यात मोठी पदवी, पीएच.डी., आणि तीही आंतरराष्ट्रीय इतिहासातली, म्हणजे नेमकं काय, तिला काय काय लागतं आणि तिची तयारी आपल्या शाळेत कुठे सुरू होते, हे सोप्या शब्दांत मांडते.

आंतरराष्ट्रीय इतिहास म्हणजे काय?

वर्गात दोन मुलांचं भांडण झालं तर आपण एकाचंच ऐकून निकाल देत नाही. दोघांचं ऐकतो, जमलं तर बाजूला बसलेल्या तिसऱ्यालाही विचारतो. आंतरराष्ट्रीय इतिहासाची पद्धत अशीच आहे. युद्ध, तह, व्यापार, स्थलांतर या गोष्टी दोन-तीन देशांत मिळून घडतात. त्यांचा अभ्यास करताना एकाच देशाची कागदपत्रं वाचून भागत नाही, सगळ्या बाजूंची वाचावी लागतात.

हा विषय फार लांबचा वाटतो. पण आपल्याच जिल्ह्यातली तीन उदाहरणं बघा.

१) धरणगाव. १६७४ च्या सुमारास इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने धरणगावात वखार उघडली होती. या भागातलं कापड सुरतेमार्गे परदेशी जायचं. पुढे मराठ्यांच्या स्वाऱ्यांत ही वखार लुटली गेली. या घटनेबद्दल कंपनीच्या माणसांनी लिहिलेली पत्रं इंग्रजीत आहेत. मुलूख तेव्हा मोगलांचा होता आणि त्यांचा कारभार फारसीत चालायचा. मराठ्यांची बाजू समजून घ्यायची तर मोडी कागद आणि बखरी. म्हणजे आजच्या एका तालुक्याच्या गावाचा इतिहास समजायला तीन भाषा लागतात.

२) कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेकडच्या राज्यांनी दक्षिणेकडची बंदरं अडवली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या बहुतांश अमेरिकन कापसावर चालायच्या, त्या बंद पडू लागल्या. मग त्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. भाव चढले आणि खानदेशात कापसाचा पेरा वाढला. रेल्वेही याच दशकात इथे आली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलेल्या शेतकऱ्याचं काय झालं असेल, हे आपल्याकडच्या पालकांना समजावून सांगायची गरज नाही.

३) फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. आपण मुलांना एवढंच सांगतो. पण पंडित नेहरूंनी तिथल्या अध्यक्षीय भाषणात स्पेनमधल्या युद्धाबद्दल आणि युरोपातल्या फॅसिझमबद्दलही सांगितलं होतं. यावल तालुक्यातल्या गावात जमलेल्या लोकांपुढे स्पेनचा विषय का निघाला? हा प्रश्न पीएच.डी.चा विषय होऊ शकतो.

आधी प्रश्न, मग पदवी

पीएच.डी. म्हणजे खूप पुस्तकं वाचून एक जाडजूड पुस्तक लिहिणं, असा समज आहे. खरं तर ज्याचं उत्तर अजून कोणी नीट दिलेलं नाही असा एक प्रश्न घ्यायचा आणि पुराव्यानिशी त्याचं उत्तर द्यायचं, हे तिचं काम.

"खानदेशातला कापूस" हा प्रश्न नाही, तो नुसता विषय आहे. "१८६१ ते १८७० या काळात खानदेशातला कापूस उत्पादक आणि सावकार यांचं नातं कसं बदललं आणि त्यात लँकेशायरच्या मागणीचा वाटा किती?" हा प्रश्न झाला. यात काळ ठरला, जागा ठरली आणि कुठले कागद बघायचे तेही ठरलं. काही कागद मुंबईला राज्य पुराभिलेखागारात शोधायचे, काही दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात, काही लंडनला ब्रिटिश लायब्ररीत. राष्ट्रीय अभिलेखागाराचे पुष्कळ कागद आता 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. वीस वर्षांपूर्वी ही सोय नव्हती.

भारतात पदवीवर "आंतरराष्ट्रीय इतिहास" असं नाव क्वचितच असतं. प्रवेश इतिहास विषयात मिळतो, प्रबंधाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय असतो. दिल्लीच्या जेएनयूमधलं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज १९५५ साली सुरू झालेल्या संस्थेतून उभं राहिलं, तिथे आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास होतो. परदेशात मात्र याच नावाचे विभाग आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकून १९२३ साली डी.एस्सी. मिळवली, तिथे आज आंतरराष्ट्रीय इतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे. जिनिव्हाच्या ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटमध्येही आहे.

वाट कशी आहे?

१. बारावीनंतर बी.ए., मग एम.ए. इतिहास. एम.ए.ला किमान ५५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांची नवी पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्यांना थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो.

२. माझ्यासारखे डी.एड. झालेले शिक्षक विचारतात, आम्हाला करता येईल का? डी.एड. ही पदविका आहे, तिच्यावर थेट पीएच.डी. होत नाही. पण नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून बी.ए., एम.ए. करता येतं. अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता आहे ना, तेवढं आधी तपासा.

३. प्रवेशासाठी विद्यापीठाची 'पेट' परीक्षा किंवा नेट. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झालं. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांना ते जवळचं.

४. प्रवेशानंतर किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, मग संशोधन आराखडा, मग प्रत्यक्ष काम. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं, कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन वर्षांची सूट आहे.

५. नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ पीएच.डी. करता येते, त्यासाठी कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. होत नाही. तशी जाहिरात कोणी दाखवली तर पैसे भरू नका. "प्रबंध लिहून देतो" म्हणणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा. प्रबंधाची उचलेगिरी तपासली जाते, बाहेरचे परीक्षक तो वाचतात आणि शेवटी तोंडी परीक्षेत एकेका पानाबद्दल विचारू शकतात.

पैशाचं काय?

आता वडिलांचा प्रश्न. नेटमधून जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात (२०२३ पासूनचे दर). राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. जागा मर्यादित असतात, त्यामुळे जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं.

परदेशासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२२ मध्ये केंद्राच्या या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारित सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले गेले. त्यावर बरीच टीकाही झाली. म्हणून त्या-त्या वर्षीचे नियम वाचल्याशिवाय विषय ठरवू नये.

पदवीनंतर नोकरी नक्की, असं मी सांगणार नाही. प्राध्यापकांच्या जागा कमी निघतात आणि उमेदवार खूप असतात. अभिलेखागार, संग्रहालयं, पत्रकारिता, प्रकाशन, संशोधन संस्था ही दारं आहेत, पण ती आपोआप उघडत नाहीत. मुलीला हे आधीच माहीत असू द्या आणि सोबत नेट-सेटही करू द्या. अधिछात्रवृत्ती नसेल तर पूर्णवेळ पीएच.डी.ला घालण्याआधी घरात बसून सहा वर्षांचा हिशोब मांडा.

खरी अडचण भाषेची

अर्ज, परीक्षा, पैसे या अडचणी दिसतात, म्हणून त्यांची चर्चा होते. पण पंचविसाव्या वर्षी इतिहासाच्या विद्यार्थ्याला अडवते ती भाषा. कागद समोर असतो आणि वाचता येत नाही.

ज्यांनी मोठं काम केलं त्यांच्याकडे बघा. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, मोडी दप्तरं गोळा केली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चे बावीस खंड काढले. त्यांच्याकडे पीएच.डी. नव्हती. १९२६ साली धुळ्यातच त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. ग. ह. खरे फारसी शिकले, म्हणून मोगल-मराठे संबंधांची दुसरी बाजू मराठीत आली. गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर यांना पोर्तुगीज येत होती, म्हणून पोर्तुगीज आणि मराठे यांच्यातला व्यवहार दोन्ही बाजूंच्या कागदांतून मांडता आला. तिघांचे विषय वेगळे असले तरी प्रत्येकाने आपल्या विषयाला लागणारी लिपी किंवा भाषा आधी पक्की केली होती.

आणि इथे आपल्या मुलांची बाजू मजबूत आहे. घरात अहिराणी, पावरी, भिली किंवा लेवा बोली, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी, पुस्तकात इंग्रजी, सीमेलगतच्या गावांत गुजरातीही. आपलं मूल सहाव्या वर्षीच तीन-चार भाषांमधून ये-जा करतं. ती अहिराणीत बोलली तर "नीट बोल" असं म्हणून आपण तिला गप्प करतो. तसं केलं की नवी भाषा शिकायची तिची भीड वाढते. त्याऐवजी "हेच मराठीत कसं सांगशील? हिंदीत कसं?" असं विचारलं, तर तिला एक गोष्ट दोन भाषांत नेण्याची सवय लागते. पुढे अभिलेखागारात हीच सवय कामी येते.

शाळेत आणि घरी काय करता येईल?

- पाचवीपुढच्या मुलांना घरातला एक जुना कागद आणायला सांगा. सातबारा, जुनं पत्र, लग्नपत्रिका, रेशनकार्ड, काहीही. कोणी लिहिला, कधी, कशासाठी, हे तीन प्रश्न विचारा. कागद पाहून झाला की त्याच दिवशी घरी परत पाठवा.
- एकच घटना दोन जणांकडून ऐकून लिहायला लावा. आजीकडून आणि शेजारच्या काकांकडून. फरक कुठे पडला ते मुलांनाच शोधू द्या.
- आठवी-नववीच्या हौशी मुलांना मोडीची मुळाक्षरं दाखवा. शिकायला अवघड नाहीत, सराव लागतो.
- सहलीत धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ ठेवा. आधी विचारून, वेळ ठरवून जा.
- पालकांनी इंग्रजीचा धाक घालू नये आणि इंग्रजी टाळूही नये. रोज एक पान पुरे.

यातली सगळीच मुलं पीएच.डी. करणार नाहीत आणि करायचीही गरज नाही. पण ज्या मुलीला ती करायची आहे, तिला पंचविसाव्या वर्षी मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागू नये, एवढं आपण प्राथमिक शाळेतले शिक्षक नक्की करू शकतो.