न झालेल्या गोलांचा हिशेब

उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या स्टॅनले चषकाच्या १९९७ च्या अंतिम मालिकेत डेट्रॉइट रेड विंग्जची गाठ फिलाडेल्फिया फ्लायर्सशी पडली. फ्लायर्सची सारी मदार एका फळीवर होती. एरिक लिंड्रॉस, जॉन लेक्लेअर आणि मिकाएल रेनबर्ग या धिप्पाड त्रिकुटाला ‘लीजन ऑफ डूम’ असे धडकी भरवणारे टोपणनाव पडले होते. लेक्लेअरने त्या हंगामात ५० गोल केले होते, आणि सव्वासहा फुटांहून उंच, शंभर किलोंहून वजनदार लिंड्रॉस त्या वर्षीच्या बाद फेरीत सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू ठरला. या तिघांना रोखायला डेट्रॉइटचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन व्लादिमिर कॉन्स्टँटिनॉव्हला उतरवणार, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. कॉन्स्टँटिनॉव्ह दांडग्या टकरींसाठी प्रसिद्ध होता. ताकदीला ताकद, हा सरळ हिशेब होता. बोमन यांनी मात्र निक्लास लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फी ही जोडी पुढे केली. अंगावर जाणे हा या दोघांचाही स्वभाव नव्हता. डेट्रॉइटने मालिका ४-० अशी जिंकली आणि ४२ वर्षांनी चषक शहरात आला. लिंड्रॉसला एकच गोल करता आला, तोही चौथ्या सामन्याच्या अगदी अखेरच्या सेकंदांत, निकाल जवळपास ठरल्यावर.

बोमन यांच्या त्या निवडीत बचावपटूच्या कारकिर्दीचे मोल कसे ठरवावे, या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. आइस हॉकीत बर्फाच्या रिंकवर एका संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू असतात. त्यांतले दोन बचावपटू. साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद रिंकवर कडक रबराची चकती, म्हणजे पक, ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने सुटते. प्रत्येकी वीस मिनिटांचे तीन भाग असतात, पण एका दमात खेळाडू पाऊण-एक मिनिटच बर्फावर राहतो. मग दुसरी तुकडी उतरते. गोल करणाऱ्याचे नाव फलकावर झळकते, पास देणाऱ्याच्या खात्यावर गुण जमा होतो. जो गोल झालाच नाही, त्याची नोंद कोणाच्या नावावर करायची? कबड्डीत चढाई करणारा रिकाम्या हाताने परतला की गुणपत्रकावर ‘रिकामी चढाई’ एवढेच उमटते. त्याला कोपऱ्यात कोंडून ठेवणाऱ्याला त्यातून गुण मिळत नाही. हॉकीच्या बचावपटूचे बहुतांश आयुष्य अशा नोंदीबाहेरच्या कामात जाते. म्हणून त्याला जोखताना त्याच्या खात्यावरच्या घटना मोजून भागत नाही. त्याला कोणासमोर, किती वेळ आणि किती वर्षे उभे केले गेले, हे पाहावे लागते. लिडस्ट्रॉमची वीस हंगामांची कारकीर्द हे सिद्ध करायला पुरेशी आहे.

स्वीडनमधल्या आवेस्ता भागात २८ एप्रिल १९७० रोजी जन्मलेला लिडस्ट्रॉम व्हेस्तेरोसच्या क्लबकडून खेळत होता. १९८९ च्या निवडप्रक्रियेत डेट्रॉइटने त्याला घेतले ते तिसऱ्या फेरीत, ५३ व्या क्रमांकावर. म्हणजे त्याच्याआधी ५२ तरुणांची नावे पुकारली गेली होती. उत्तर अमेरिकेतल्या संघांना तेव्हा युरोपीय खेळाडूंबद्दल एक अढी होती: हे स्केटिंग उत्तम करतात, पण अंगाला अंग भिडले की कच खातात. त्याच निवडीत पुढच्या फेऱ्यांत डेट्रॉइटने सर्गेई फेडोरोव्ह आणि कॉन्स्टँटिनॉव्ह यांनाही घेतले, त्यामुळे त्या वर्षाची निवड आज दंतकथा झाली आहे. लिडस्ट्रॉम १९९१ मध्ये अमेरिकेत आला आणि पहिल्याच हंगामात ६० गुण मिळवून सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पावेल ब्युरेच्या पाठोपाठ दुसरा आला. पुढे १,५६४ सामने, २६४ गोल, ८७८ सहाय्ये आणि चार स्टॅनले चषक, हे सारे एकाच संघाच्या गणवेशात घडले.

त्याची पद्धत समजून घ्यायची तर आधी अंतराचा विचार करावा लागतो. आक्रमक पक घेऊन चाल करून येतो, तेव्हा बचावपटू उलटा, पाठीमागे सरकत स्केटिंग करत असतो. दोघांमधले अंतर फार ठेवले तर आक्रमकाला फटका मारायला मोकळीक मिळते. फार कमी केले तर तो एका हुलकावणीत निसटून जातो. लिडस्ट्रॉम हे अंतर आपल्या स्टिकच्या पल्ल्याएवढे राखी. छाती प्रतिस्पर्ध्यासमोर, स्टिकचे पाते पासच्या वाटेवर, आणि स्वतःची जागा अशी की समोरच्याला मधली वाट बंद दिसावी आणि कडेच्या फळ्यांकडची उघडी वाटावी. कडेला गेलेल्या आक्रमकाचा फटक्याचा कोन अरुंद होतो. धोका तिथेच निम्मा ओसरतो. मग स्टिकच्या एका टोचणीने पक सुटतो आणि पुढच्याच क्षणी सहकाऱ्याच्या स्टिकवर पोहोचतो. या पहिल्या पासला फार महत्त्व आहे. बचाव पक हिसकावल्याने संपत नाही. पक आपल्या भागाबाहेर सुखरूप गेला की संपतो. टक्कर देणारा बचावपटू ती दिल्यावर क्षणभर स्वतःही खेळाबाहेर जातो. लिडस्ट्रॉम सदैव पायांवर उभा आणि पुढच्या हालचालीला मोकळा असे.

या पद्धतीचा पुरावा एका रूक्ष आकड्यात सापडतो. १,५६४ सामन्यांत मिळून लिडस्ट्रॉमने ५१४ मिनिटांची शिक्षा भोगली. किरकोळ नियमभंगाला दोन मिनिटे बाहेर बसावे लागते, या हिशेबाने सरासरी सहा सामन्यांत एकदा. तो बाहेर बसतो तेव्हा संघ एका खेळाडूने कमी होतो, प्रतिस्पर्ध्याला पॉवर प्ले मिळतो, आणि साधारण पाच-सहा पॉवर प्लेंमागे एक गोल होतो. सर्वांत घातक आक्रमकांसमोर रोज उभे राहूनही न ओढता, न अडखळवता त्यांना रोखणे म्हणजे संघावरचे कित्येक गोल आधीच वाचवणे. असा सभ्य बचाव डेट्रॉइटला नवा नव्हता. १९४८-४९ च्या हंगामात त्याच संघाच्या बिल क्वॅकेनबुशने ६० सामन्यांत शिक्षेचे एकही मिनिट घेतले नव्हते. सभ्य खेळाचा लेडी बिंग पुरस्कार त्याला मिळाला, आणि त्याच उन्हाळ्यात संघाने त्याला बोस्टनला देऊन टाकले. दुसरा पुरावा टिकाऊपणाचा. टाळेबंदीने आखूड झालेला १९९४-९५ चा हंगाम आणि अखेरचा हंगाम सोडला, तर लिडस्ट्रॉम कधीही ७६ पेक्षा कमी सामने खेळला नाही. टकरींत देणाऱ्याचेही शरीर झिजते. बॉबी ओर हा बचावपटूंमधला बहुधा सर्वांत प्रतिभावान खेळाडू. गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे त्याची कारकीर्द ६५७ सामन्यांवर थांबली. दुखापत नशिबाचा भाग असते हे खरे, पण ती टाळणारी शैली हे कौशल्यही असते.

मग हे कौशल्य ओळखले कधी गेले? सर्वोत्तम बचावपटूला दिला जाणारा नॉरिस करंडक डेट्रॉइटचे एकेकाळचे मालक जेम्स नॉरिस यांच्या नावाने आहे. १९५४ मध्ये तो प्रथम डेट्रॉइटच्याच रेड केलीला मिळाला. विजेता हॉकी-पत्रकार मतदानाने ठरवतात. १९९८, १९९९ आणि २००० अशी ओळीने तीन वर्षे लिडस्ट्रॉम या मतदानात दुसरा आला. पहिला क्रमांक अनुक्रमे रॉब ब्लेक, अल मॅकिनिस आणि ख्रिस प्राँगर यांना मिळाला. तिघेही थोर खेळाडू. पण तिघांचेही एकेक वैशिष्ट्य स्टेडियमच्या शेवटच्या रांगेतूनही दिसणारे होते. ब्लेकची टक्कर, मॅकिनिसचा तोफगोळ्यासारखा फटका, प्राँगरची साडेसहा फुटांची उंची. लिडस्ट्रॉमला पहिला नॉरिस २००१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी मिळाला आणि तो मिळवणारा तो पहिला युरोपीय ठरला. त्यानंतर आणखी सहा मिळाले. बोमन यांना १९९७ मध्ये जे दिसले होते, ते मतदारांच्या नजरेत भरायला चार वर्षे लागली. १९८३ आणि १९८४ मध्ये वॉशिंग्टनच्या रॉड लँगवेला अनुक्रमे ३२ आणि ३३ गुणांवर हा करंडक मिळाला होता, पण इतक्या कमी गुणांवर तो मिळण्याचे अपवाद मोजकेच. दुसरे टोक म्हणजे २०२३ चा विजेता एरिक कार्लसन. त्याने १०१ गुणांचा पल्ला गाठला, पण सॅन होजेचा त्याचा संघ तळाजवळ होता आणि तो बर्फावर असताना संघाने केलेल्या व खाल्लेल्या गोलांचा हिशेब, म्हणजे प्लस-मायनस, उणे २६ होता.

इथे पहिला आक्षेप येतो. लिडस्ट्रॉमच्या खात्यावर १,१४२ गुण आहेत. मग तो ‘न दिसणाऱ्या’ कामाचा नमुना कसा? त्याचे सातही नॉरिस गुणांमुळेच आले असे का म्हणू नये? मतदारांपुरते हे काही अंशी खरे असेलही. पण त्याचे गुण त्याच्या बचावातूनच उगवले होते. जो डोळा पासची वाट बंद करतो, तोच डोळा मोकळी वाट शोधतो. त्याचे फटके बहुधा खालून, संयमाने मारलेले असत, कारण गोलरक्षकाच्या नाकासमोर ठाण मांडून बसलेला सहकारी टोमास होल्मस्ट्रॉम त्यांना स्टिकने दिशा देई. २००२ मध्ये पहिल्याच फेरीत डेट्रॉइट व्हँकुव्हरकडून दोन सामने हरले होते. तिसऱ्यात बरोबरी असताना लिडस्ट्रॉमने मध्यरेषेजवळून मारलेला फटका गोलरक्षक डॅन क्लूटिएला चकवून आत गेला आणि मालिका फिरली. त्या वर्षी चषकाबरोबर बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्मिथ करंडक त्याला मिळाला. तोही पहिल्यांदाच एका युरोपीयाला. याहून बोलका पुरावा २००५-०६ चा आहे. एक अख्खा हंगाम बुडवणाऱ्या टाळेबंदीनंतर लीगने स्टिकने अडकवणे, हाताने ओढणे यांवर कडक शिक्षा सुरू केली. पकड आणि ओढाताणीवर जगणाऱ्या अनेक बचावपटूंची पंचाईत झाली. लिडस्ट्रॉमने पस्तिशीत कारकिर्दीतले सर्वाधिक ८० गुण मिळवले आणि ओळीने तीन नॉरिस जिंकले. त्याचा बचाव ज्या गोष्टींवर उभा नव्हता, त्यांच्यावरच बंदी आली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डेट्रॉइट हा त्या काळातला सर्वांत श्रीमंत गुणवत्तेचा संघ होता. आधी स्टीव्ह आयझरमन, फेडोरोव्ह, लारिओनोव्ह, नंतर दात्सुक आणि झेटरबर्ग. अशा संघात कोणाचाही प्लस-मायनस फुगेल. लिडस्ट्रॉमच्या अधिक ४५० चे कौतुक किती करायचे? हा आक्षेप मान्य करायला हवा. प्लस-मायनस हा संघाचा आकडा आहे, तो एकट्याच्या नावावर मांडला जातो इतकेच. पण म्हणूनच २०१०-११ चा हंगाम महत्त्वाचा. त्या वर्षी, कारकिर्दीत एकदाच, त्याचा हा आकडा उणे होता, उणे दोन; आणि त्याच वर्षी, ४१ व्या वर्षी, त्याला सातवा नॉरिस मिळाला. एकच आकडा त्याच्या बाजूने वापरायचा आणि गैरसोयीचा ठरला की सोडून द्यायचा, हे चालणार नाही. संघाच्या सावलीतून माणूस वेगळा काढायचा तर संघाच्या आत पाहावे. इतक्या गुणी संघातही ऐन भरातल्या हंगामांत लिडस्ट्रॉम सामन्यामागे २५ मिनिटांहून अधिक बर्फावर असे, तेही प्रतिस्पर्ध्याच्या पहिल्या फळीसमोर. त्याचे जोडीदार बदलत गेले: कॉफी, मर्फी, पुढे राफाल्स्की. प्रशिक्षकही बोमन, डेव्ह लुईस, माइक बॅबकॉक असे बदलले. त्याची जागा बदलली नाही. संघाबाहेरही २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये फिनलंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात २-२ अशी बरोबरी असताना तिसऱ्या भागाच्या दहाव्या सेकंदाला त्याने केलेल्या गोलावर स्वीडनने सुवर्ण जिंकले.

तिसरा आक्षेप या खेळाच्या मूळ स्वभावातून येतो: भीती हाही बचावच नाही का? न्यू जर्सीचा स्कॉट स्टीव्हन्स १,६३५ सामने खेळला, त्याने २,७८५ मिनिटांची शिक्षा घेतली, २००० साली कॉन स्मिथ जिंकला. मधल्या वाटेने मान खाली घालून येणाऱ्याचे काय होते, हे त्याने लिंड्रॉसवरच्या त्या वर्षीच्या टकरीने साऱ्या लीगला दाखवले. त्या धसक्याने किती आक्रमकांनी वाट बदलली, हेही नोंदीबाहेरचेच काम. आणि नॉरिस त्याला एकदाही मिळाला नाही. म्हणजे स्टीव्हन्सचे उदाहरण माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, पुष्टीच देते: शैली वेगळी, अन्याय तोच. फरक आहे तो किमतीचा. भीतीवर उभा असलेला बचाव नियमांच्या मेहेरबानीवर जगतो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या मेंदूला मोजावी लागते. २०१० मध्ये लीगने नजरेआडून येऊन डोक्याला लक्ष्य करणाऱ्या टकरींवर बंदी घालणारा नियम आणला. १९९७ मधला टक्कर-की-कोन हा प्रश्न पुढच्या दीड दशकात नियमांनीही कोनाच्या बाजूने सोडवला.

आता फटक्यांच्या प्रयत्नांची गणती होते, पक कोणी कुठे आत आणला आणि कोणी अडवला याची नोंद ठेवली जाते. त्यामुळे न झालेल्या गोलांचा हिशेब पूर्वीपेक्षा जवळ आला आहे. तरीही कार्लसनचा करंडक सांगतो, की मोजमाप सुधारले म्हणून नजर आपोआप सुधारत नाही. गुणांची रांग समोर असली की मत तिकडे झुकते. उपाय अवघड नाही. बचावपटूचे गुण पाहण्याआधी त्याच्या समोर कोण खेळत होते हे पाहावे, मग किती मिनिटे, मग किती वेळा त्याच्यामुळे संघ एकाने कमी झाला, आणि मग गुण. या क्रमाने पाहिले असते तर ३१ मे २०१२ रोजी निवृत्त झालेल्या आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दाखल झालेल्या लिडस्ट्रॉमला पहिल्या नॉरिससाठी एकतीस वर्षांचे व्हावे लागले नसते. खेळाडूला सर्वांत आधी ओळखतो तो त्याचा प्रशिक्षक, कारण चुकीच्या निवडीची किंमत त्याला त्याच रात्री मोजावी लागते. पत्रकाराला आणि प्रेक्षकाला ती कधीच मोजावी लागत नाही, म्हणून सामना पाहताना पकावरून नजर काढून बचावपटूवर ठेवण्याचे कष्ट त्यांनी आपणहून घ्यायला हवेत.