टाकीला रबर नसलेले विमान

हिंगोलीहून दिल्ली सरळ रेषेत सुमारे एक हजार किलोमीटर. व्हिएतनाममधले सायगॉन ते सिंगापूर हे अंतर त्याहून थोडे जास्तच भरते. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी नौदलाची दोन इंजिनांची बॉम्बफेकी विमाने तेवढे जाऊन, न थांबता परत येत. १० डिसेंबरला त्यांनी मलायाच्या किनाऱ्याजवळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या ब्रिटिश युद्धनौका बुडवल्या. ८४० जण मेले; जपानची विमाने पडली फक्त तीन. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती आणि त्या राज्याची एक पलटण मलायातच, कोटा भारूच्या विमानतळावर तैनात होती.

या विमानांपैकी नवे होते मित्सुबिशीचे ‘जी-४-एम’. अभियंता किरो होंजो यांना चार इंजिने हवी होती. नौदलाने दोनच मान्य केली, पल्ला मात्र कमी करू दिला नाही. मग वजन वाचवायचे कुठे? पंखांच्या पोकळीलाच टाकी केले. सुमारे पाच हजार लिटर पेट्रोल, त्याला संरक्षक आवरण नाही आणि आत सात माणसे.

ते आवरण म्हणजे काही मोठे गूढ नव्हे. साधी रबरी नळी पेट्रोलला लावली की ती फुगून निकामी होते, हे कुठलाही मोटारसायकल मेकॅनिक सांगेल. रबर आणि पेट्रोल दोन्ही हायड्रोकार्बन; पेट्रोलचे रेणू रबराच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतात. कच्चे रबर तर फारच फुगते. टाकीच्या आवरणात त्याचा थर ठेवला, तर गोळीने पडलेल्या भोकातून पेट्रोल झिरपताच रबर फुगते आणि भोक बुजते. दुचाकीतला दोष इथे जीव वाचवतो.

गंमत अशी की मलाया हा रबराच्या मळ्यांचाच मुलुख. तो जिंकायला मदत करणाऱ्या विमानाच्या टाकीला रबर नव्हते. अर्थात जपानी नौदलाला अडचण रबराच्या तुटवड्याची नव्हती, वजनाची होती. आवरण जड असते, शिवाय टाकीतली जागा खाते.

शत्रूची लढाऊ विमाने जवळ नसली की हा हिशेब जमे. ती भेटू लागली तेव्हा अमेरिकी वैमानिकांनी त्याला लायटर म्हणायला सुरुवात केली. १८ एप्रिल १९४३ रोजी ॲडमिरल यामामोतो याच जातीच्या विमानात मारले गेले. पुढे पंखाखाली रबराच्या जाड पट्ट्या लावून पाहिल्या, त्याने वेग आणि पल्ला दोन्ही घटले. टाक्यांना नीट आवरण असलेली आवृत्ती आली, पण युद्धाच्या अखेरीस. एकूण २,४०० हून अधिक विमानांपैकी ती जेमतेम साठ.