पहिल्या पिढीची नोंद कोण ठेवणार?

वर्षावासात ग्रंथवाचनाच्या निमित्ताने आम्ही झरी जामणी तालुक्यातील गावोगावी फिरत असतो. अशाच एका संध्याकाळी वाचन आटोपले, सरणत्तय झाले आणि विहाराच्या ओट्यावर चहा घेत बसलो असता आम्ही समोरच्या बाईंना सहज विचारले, "बाई, तुमची पोरगी बी.ए.ला होती ना? यंदा कोणत्या वर्षाला?"

त्या माउलीने पदर सावरला. म्हणाली, "भाऊ, पयलं साल काढलं तिनं. दुसऱ्या साली स्कॉलरशिप आलीच नाही. पासचे पैसे, पुस्तकं, खोलीचं भाडं... तिचा बाप म्हने, राहू दे आता. चार महिने झाले, माझ्यासंगंच निंदाले येते."

ते घर आमच्या परिचयाचे. आजोबा सालगडी होते, वडील सातवीतून निघाले, आई शाळेत गेलीच नाही. त्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. आम्हांला अधिक बोचले ते वेगळ्याच कारणाने. आम्ही पोटासाठी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिकाचे काम करतो आणि ती मुलगी त्याच महाविद्यालयाच्या पटावर होती. सरकारला पाठवायचा तक्ता आम्हीच भरला होता. अनुसूचित जाती, मुली, द्वितीय वर्ष, या रकान्यात आकडा लिहिला आणि आमचे काम संपले. एक लेक वाटेत गळाली हे त्या तक्त्याने आम्हांला सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

सरकार काय मोजते?

केंद्र सरकार २०१०-११ पासून अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण करते. देशातील विद्यापीठे आणि महाविद्यालये दरवर्षी आपली माहिती संगणकावर भरतात. किती मुले, किती मुली, कोणत्या प्रवर्गाचे, कोणत्या वर्षाला, असे ते कोष्टक असते. या सर्वेक्षणाचा २०२१-२२ चा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे उच्च शिक्षणात एकूण ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते. त्यांत अनुसूचित जातींचे ६६ लाख २३ हजार होते. २०१४-१५ साली हाच आकडा ४६ लाख ७ हजार होता. अनुसूचित जमातींचे विद्यार्थी याच काळात १६ लाख ४१ हजारांवरून २७ लाख १० हजारांवर गेले. झरी जामणीसारख्या कोलाम-गोंड बांधवांच्या तालुक्याने हाही आकडा लक्षात ठेवावा.

वाढ आनंदाचीच आहे. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येशी कॉलेजातील पट ताडून पाहिला, तर देशात शंभरी २८.४, अनुसूचित जातींत २५.९ आणि अनुसूचित जमातींत २१.२ असे प्रमाण पडते. म्हणजे अंतर आहेच.

आता या मोजणीची मर्यादा पाहा. ती डोकी मोजते, माणसामागे जात नाही. समजा, एका वर्गात प्रथम वर्षाला ४० मुले होती आणि पुढल्या वर्षी द्वितीय वर्षाला ३१ दिसली. कोणीही म्हणेल, नऊ कमी झाली. पण त्या ३१ मध्ये तिघे दुसऱ्या कॉलेजातून आलेले आणि दोघे जुने नापास. म्हणजे मूळच्या ४० पैकी २६ च पुढे आले, १४ आले नाहीत. त्यांपैकी नापास होऊन मागे राहिले किती, लग्न होऊन गेल्या किती, मजुरीला लागले किती, हे तक्त्याला विचाराल तर तक्ता मुका आहे.

दुसरी गोष्ट. या तक्त्यात आईबापाचे शिक्षण किती, हा प्रश्नच नाही. ज्याचा आजा वकील आणि बाप प्राध्यापक तोही एक आकडा, आणि जिची आई अंगठा लावते तीही एक आकडा. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुले किती, हे त्यामुळे कधी कळतच नाही.

तिसरी गोष्ट आपल्या समाजाची. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळत नव्हत्या. महाराष्ट्र राज्याने त्या दिल्या, केंद्राने १९९० साली कायदा दुरुस्त केल्यावर दिल्या. आज या अहवालात आपली मुले अनुसूचित जातींच्या आकड्यात मिसळतात किंवा 'इतर अल्पसंख्याक' या एका गठ्ठ्यात जातात. २०११ च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता ८१ टक्क्यांवर होती आणि देशाची ७३ टक्क्यांच्या आसपास, याचा आपल्याला अभिमान आहे. पण सही करता येणे वेगळे आणि पदवी हाती पडणे वेगळे.

राष्ट्रीय नमुना पाहणीने जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात घरोघरी जाऊन शिक्षणाचा खर्च आणि शिक्षण सोडण्याची कारणे विचारली होती. घरकाम, मजुरी, पैशाची अडचण अशी उत्तरे तिथे नोंदली गेली. ते काम मोलाचे आहे. परंतु पाहणी करणारा एकदा येतो, लिहून घेतो आणि जातो. दोन वर्षांनी त्याच मुलीचे काय झाले, हे पाहायला तो परत येत नाही.

बाबासाहेबांनी गळती मोजली होती

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्याच मार्च महिन्यात मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा झाली. तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांनी सरकारपुढे सरकारचेच आकडे ठेवले. शाळेत शंभर मुले घातली तर चौथीपर्यंत अठराच पोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी दाखवून दिले. कॉलेजच्या शिक्षणात मागासवर्गीयांच्या नावापुढे जवळजवळ शून्य आहे, हेही मांडले. दारातून किती आत आले यावर ते थांबले नाहीत. शेवटापर्यंत किती टिकले, हे त्यांनी विचारले. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्यापैकी किती घरांचे नशीब त्या शिष्यवृत्तीने पालटले, हे सांगायला नको.

त्याच शिष्यवृत्तीसाठी डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के ठरला. त्या वेळी सरकारनेच अंदाज दिला होता की, दहावीच्या पुढे न जाणारी १ कोटी ३६ लाख गरिबातली गरीब मुले या योजनेतून शिक्षणात आणता येतील. इतकी मुले बाहेर आहेत, ही ती कबुलीच होती.

दुसरीकडे काय करतात?

मुलांच्या मागे जाणारी पाहणी होऊ शकत नाही, असे नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या आकडेवारी केंद्राने १९८९-९० साली प्रथमच कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्यांतून काही हजारांची निवड केली आणि त्याच विद्यार्थ्यांना पुढे १९९२ व १९९४ साली गाठून पुन्हा प्रश्न विचारले. त्यानंतर १९९५-९६, २००३-०४, २०११-१२ आणि २०१९-२० अशा नव्या तुकड्या घेतल्या. पहिल्या वर्षी, मग तिसऱ्या, मग सहाव्या वर्षाच्या सुमारास विचारायचे: शिकतोस का, सोडलेस का, का सोडलेस, कर्ज किती, नोकरी कोणती? आईबापाचे शिक्षणही विचारायचे. ज्यांच्या आईबापांपैकी कोणीच कॉलेज पाहिले नाही, ती मुले पदवी न घेता बाहेर पडण्याचे प्रमाण जास्त आहे, हे अशा पाहण्यांमुळेच तिथे पुराव्यानिशी सांगता आले.

पण सरकारची मोजणी सरकारच्या मर्जीवर असते. मार्च २०२५ मध्ये त्याच केंद्रातील बहुतेक कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले. तेव्हा सरकारकडे मागणी जरूर करू या: उच्च शिक्षणाच्या तक्त्यात आईबापाचे शिक्षण विचारा, आणि सोडून गेलेल्या मुलाचे कारण लिहा. परंतु केवळ मागणी करून हातावर हात ठेवून बसणे आपल्याला परवडणारे नाही.

विहारातली वही

मुकुटबन, पाटण, झरी या भागातील पुष्कळ मुले वणी, पांढरकवडा, यवतमाळकडे शिकायला जातात. कोणी एस.टी.ने रोज ये-जा करतो, कोणी खोली करून राहतो. गावातून किती गेले, हे सगळ्यांना ठाऊक असते. किती परत आले आणि का, हे मात्र चुलीपाशीच राहते.

त्या रात्री आम्ही विहारात एक साधी दोनशे पानी वही केली. त्यात इतकेच लिहायचे: नाव, आईबापाचे शिक्षण, घरातून कॉलेजात जाणारे पहिले मूल आहे का, कॉलेज व वर्ष, शिष्यवृत्तीचा अर्ज केल्याची तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख, वसतिगृह मिळाले का, आणि नसल्यास स्वाधार योजनेचा अर्ज केला का. दर तीन महिन्यांनी पौर्णिमेला पुन्हा विचारायचे. शिक्षण थांबले असेल तर तारीख आणि कारण लिहायचे. सहा वर्षे त्या मुलाचे पान बंद करायचे नाही.

वही महिला मंडळातील दोन जबाबदार बाईंकडे राहील. आईपाशी मुलगी जे बोलते ते पुरुषांच्या सभेत बोलत नाही. आणि ही वही सभेत मोठ्याने वाचायची नाही. कोणाच्या घरची अडचण चारचौघांत मांडण्यासाठी ती नाही, वेळेवर धावून जाण्यासाठी आहे. शेजारच्या कोलाम पोडावरची मुले कॉलेजात जात असतील तर त्यांचीही नावे त्यात घ्यावीत, असे सर्वांनुमते ठरले.

त्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज आम्ही दुसऱ्या दिवशी संगणकावर काढून पाहिला. अर्ज नामंजूर झालाच नव्हता. बँकेचे खाते आधारशी जोडलेले नव्हते, म्हणून रक्कम अडकली होती. बँकेतले ते एका दिवसाचे काम. चार महिन्यांपूर्वी कोणी विचारले असते तर ती आज वर्गात बसली असती. आम्ही तिला घेऊन बँकेत गेलो, काम झाले. परंतु परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत तोवर निघून गेली होती. तिचे एक वर्ष गेले ते गेलेच.

वडिलांना समजवायला दोन खेपा कराव्या लागल्या. दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, "पैसे येनार हायेत हे कोनी सांगतलंच नाही भाऊ, नाहीतर म्या कायले थांबवलं असतं?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. येत्या जूनला ती पुन्हा प्रवेश घेणार आहे.

आमची वाचक मायमाउल्यांना आणि बांधवांना एकच विनंती. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास बसा. आपल्या वस्तीतून कॉलेजात कोण कोण गेले त्यांची नावे लिहा आणि त्यांतले आज वर्गात कोण आहे, हे एकेकाच्या घरी जाऊन विचारा. जयभीम!