माल कोण घेणार, ते आधी विचारा

तेंदूचा हंगाम उलगतो, पुड्यांचे पैसे हाती येतात आणि मग गावात इस्त्रीचे कपडे घातलेली, गळ्यात टाय बांधलेली पोरे दिसू लागतात. दिवाळीनंतर धानाचे चुकारे झाले की ती पुन्हा दिसतात. घरात रोकड कधी असते हे पूर्वी सावकाराला ठाऊक असे, तसे ते या मंडळींनाही ठाऊक असते. फरक एवढाच की सावकार परका असायचा आणि हा येणारा बहुधा आपलाच भाचा, साळा, नाहीतर जावयाचा भाऊ असतो.

तो ओसरीवर बसतो, चहा घेतो आणि म्हणतो, "मामाजी, मी नागपूरला कंपनीत लागलो. तुमच्या पोरालाही लावून देतो. सुरुवातीला फक्त थोडे पैसे भरावे लागतात."

शेतकरी बंधु-भगिनींनो, या तीन वाक्यांपैकी शेवटचे वाक्य नीट ऐका. नोकरीत माणूस काम करतो आणि मालक पैसे देतो. इथे काम करणाराच मालकाला पैसे देतो आहे. आणि कायद्याच्या दृष्टीनेही ही नोकरी नव्हेच. थेट विक्री करणारा हा कंपनीचा चाकर नसतो, करार करून स्वतःच्या जोखमीवर धंदा करणारा वेगळा व्यापारी असतो. त्याला पगार नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही. तेव्हा जो कोणी 'कंपनीत लागलो' म्हणतो त्याला पहिल्याने एवढेच विचारा, "बाबा, तुझा पगार किती आणि तो कोणत्या तारखेला होतो?" पगाराऐवजी तो गाडी, बंगला आणि परदेशच्या सहलीबद्दल बोलू लागला, तर काय ते समजावे.

आता एक गोष्ट स्पष्ट करू. घरोघर जाऊन माल विकणे यात वाईट काही नाही. बांगड्यांची पेटी घेऊन येणारा कासार, हप्त्याने भांडी देणारा, सायकलवर लुगड्यांचा गठ्ठा बांधून येणारा कापडवाला, हे सगळे थेट विक्रीच करीत आले. आपल्या बचतगटाच्या बाया मोहफुलाचे लाडू, लोणची, पापड घेऊन तालुक्याला जातात, तीही थेट विक्रीच. कासाराचा नफा बांगडीत असतो. ज्या बाईने बांगड्या भरल्या तिने आणखी दोन कासार गावात आणून उभे करावेत अशी अट तो घालीत नाही. आणि घातली असती तर चार दिवसांत गावात बांगड्या भरणारी कोणी उरली नसती, सगळ्या कासारणीच झाल्या असत्या!

साखळीच्या धंद्यात नेमके हेच होते. साबण, पावडर, गादी, पाण्याचे यंत्र, काहीही पुढे केलेले असते, पण बोलणे सारे 'जोडी लावण्या'चे असते. दोघे आणा, त्या दोघांनी दोघे आणावेत, वरच्याला घरबसल्या हिस्सा मिळेल. ऐकायला सोपे वाटते. म्हणून जरा पाटी-पेन्सिल घेऊन बसू.

दोघा-दोघांचे गणित

पहिला एक. त्याच्याखाली दोन, मग चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. सात ओळींत १२७ माणसे झाली. घरटी एक माणूस धरला तर आपल्या जंगलपट्टीतले एखादे गाव इथेच संपले. आठव्या ओळीला शेजारचे गाव लागते. वीस ओळी भरायच्या तर १० लाख ४८ हजार ५७५ माणसे हवीत. २०११ च्या जनगणनेत साऱ्या गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२ होती, त्यात पाळण्यातली लेकरे आणि काठी टेकणारी म्हातारी माणसेही आली. बाविसाव्या ओळीपर्यंत ४१ लाख ९४ हजार ३०३ माणसे लागतात. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे मिळून त्या गणनेत ३२ लाख ७७ हजार २४९ भरले होते. म्हणजे माणसे संपली, आणि बाविसाव्या ओळीतल्या प्रत्येकाला अजून दोघे शोधायचेच आहेत.

आणखी एक पाहा. साखळी कुठेही थांबली तरी सर्वांत खालच्या ओळीत निम्म्याहून अधिक माणसे असतात. १२७ पैकी ६४ जण तळाला. त्यांच्याखाली कोणी नाही, म्हणून त्यांना काही मिळायचे नाही. त्यांनी भरलेले पैसेच वरच्यांच्या हातात 'कमाई' म्हणून गेलेले असतात. नागपूर-मुंबईकडे सुरू झालेली साखळी एटापल्ली-भामरागडला किंवा कोरचीला पोचते तेव्हा ती कितव्या ओळीत असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. मोठी माणसे वरच्या ओळीत केव्हाच बसलेली असतात. आपल्यासाठी जागा असते ती तळाची.

"मेहनत केली तर जमते, तुमचीच मेहनत कमी पडली," असे सभेत सांगतात. बाप हो, बांधीत पाणीच नसेल तर रोवणी कितीही मन लावून केली तरी धान येत नाही. त्यात रोवणाऱ्याचा काय दोष?

शहरात माणूस अनोळख्याला गाठतो. आपल्या गावात अनोळखी कोण आहे? इथे पहिले दोघे म्हणजे साळा आणि मावसभाऊ. पैसे बुडाले की कंपनीचा माणूस फोन उचलत नाही, साळा मात्र दर लग्नाला, दर तेरवीला समोर येतो. रोवणीला एकमेकांच्या बांधीत उतरणारी घरे बोलेनाशी होतात. बायकोला माहेरी जायची लाज वाटते. कित्येकदा भरलेले पैसेही स्वतःचे नसतात. आईने बचतगटातून कर्ज काढून पोराला दिलेले असतात, आणि हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बाया दारात येतात. पाच-दहा हजारांचे नुकसान एका चांगल्या हंगामात भरून निघेल. सोयरीक तशी भरून निघत नाही.

महाराष्ट्रात जे घडले

हे निव्वळ भीती घालणे नव्हे. नाशिकच्या केबीसी कंपनीने थोड्या वर्षांत पैसे कित्येक पट करून देण्याचे आमिष दाखवले, जो दुसरा माणूस आणील त्याला कमिशन. २०१४ साली परभणी, नाशिककडे गुन्हे दाखल झाले. कंपनी चालवणारे दाम्पत्य सिंगापूरला गेले होते, २०१६ मध्ये परतल्यावर मुंबईच्या विमानतळावर त्यांना अटक झाली. त्यात शेतकरी, मजूर, नोकरदार असे सगळे अडकले होते. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या महारयत अ‍ॅग्रो कंपनीचे कडकनाथ कोंबडीचे प्रकरण बाहेर आले. पिल्ले आमच्याकडून महाग घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच परत घेऊ, असा वायदा होता. कंपनीने खरेदी थांबवली आणि शेतकऱ्यांच्या हाती उरली खाणारी कोंबडी.

आणि पीएसीएल? जमिनीच्या नावाखाली हप्ते गोळा करणारी ही कंपनी खेडोपाडी कमिशनवरच्या एजंटांमार्फत पसरली होती. सेबीने २२ ऑगस्ट २०१४ रोजी तिला सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा हुकूम दिला. देशभरातले सुमारे ५ कोटी ८५ लाख लोक तिच्यात गुंतले होते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ती कंपनीच्या जमिनी विकून पैसे परत करण्याचे काम पाहते. सुरुवातीला लहान रकमांचे दावे घेतले, पुढे हळूहळू मर्यादा वाढवली. त्यासाठी मूळ प्रमाणपत्रे मागवली गेली. हा मुद्दा ध्यानात असू द्या, पुढे कामाला येईल.

या तिन्ही ठिकाणी प्रकार वेगळा. एकीकडे नुसते पैसे, दुसरीकडे कोंबडी, तिसरीकडे जमीन. पण आपला परतावा खऱ्या गिऱ्हाइकाकडून येणार की मागून येणाऱ्या माणसाच्या खिशातून, हे भरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी विचारले.

तेव्हा कोणी धंदा सांगत आला तर त्याला हाकलून देऊ नका. त्याची परीक्षा घ्या. सांगा, "मी सभासद होत नाही, जोडी लावत नाही. मला फक्त एक बाटली दे, रोख पैसे घे आणि पावती दे." धंदा मालाचा असेल तर तो आनंदाने देईल. तोंड वाकडे करून "तसे नको, आयडी लावा" म्हणाला, तर त्याला गिऱ्हाईक नकोच आहे. बाटली मिळाली तर तशाच वस्तूचा भाव तालुक्याच्या दुकानात विचारून पाहा. आणि मुख्य म्हणजे महिनाभर थांबा. साखळीत नसलेल्या किती घरांनी ती वस्तू दुसऱ्यांदा मागितली? पहिल्यांदा लोक नात्याखातर घेतात. दुसऱ्यांदा घेतात ते गरज असेल तरच.

मग हिशेब मांडा. समजा दहा घरांनी ३०० रुपयांची वस्तू दर महिन्याला घेतली आणि वीस टक्के कमिशन सुटले, तर हाती ६०० रुपये आले. त्यातून सभेला जाण्यायेण्याचे बसभाडे, फोनचा खर्च, उधारीत अडकलेली रक्कम आणि बुडालेली मजुरी वजा करा. सिरोंच्याहून नागपूरच्या सभेला जायचे तर जाण्यातच दिवस मोडतो. उरले तर जोडधंदा म्हणून खुशाल करा, पण त्यासाठी रोवणी सोडू नका.

दोन प्रकारच्या मालाबद्दल मात्र अधिक सावध राहा. एक, शेतीची औषधे आणि 'टॉनिके'. खत व कीटकनाशक विकायला परवाना लागतो, भाचा असला म्हणून तो सुटत नाही. पक्के बिल, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक नसेल तर ते पिकावर मारू नका. पीक बिघडले तर दाद मागायला कागदच उरत नाही. शंका असल्यास डबा घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात जा. दुसरे, आरोग्याच्या पावडरी. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. 'ही पावडर घ्या, सिकलसेल जातो, साखर जाते' असे कोणी सांगितले म्हणून सरकारी दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या, तर नुकसान पैशांवर थांबणार नाही.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात पाहू. माणसे भरती करण्यावर चालणारी पैशांची साखळी १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंद केलेली आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुष्कळांना माहीत नसते की त्या कायद्यात साखळी चालवणाऱ्याबरोबर सभासद होण्यालाही मनाई आहे. 'मी तर नुसते दोघांना सांगितले' ही सबब भक्कम नाही. डिसेंबर २०२१ पासून थेट विक्रीचे स्वतंत्र नियम लागू आहेत. त्यांनुसार कंपनीला प्रवेश फी किंवा नोंदणी फी घेता येत नाही, लेखी करार करावा लागतो, करारातून विनादंड बाहेर पडण्यासाठी मुदत द्यावी लागते. कंपनीचे देशात नोंदलेले कार्यालय आणि तक्रार ऐकणारा अधिकारी असावा लागतो. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय घरी येऊ नये असेही त्यात आहे. मात्र 'आमची कंपनी सरकारमान्य आहे' असे सांगून नोंदणीचा कागद दाखवला तर त्यावर भुलू नका. कंपनी नोंदली गेली म्हणजे तिचा धंदा सरकारने तपासून पसंत केला असे होत नाही.

आणि ज्यांचे पैसे आधीच गेले आहेत त्यांचे काय? त्यांनी सर्वप्रथम तिसरा माणूस आणणे थांबवावे. आपले पैसे काढण्यासाठी दुसऱ्याला बसवणे म्हणजे एका घरचे नुकसान दोन घरांत नेणे झाले. करार नवा असेल तर बाहेर पडण्याची मुदत पाहून कंपनीला लेखी कळवावे आणि त्या पत्राची प्रत ठेवावी. पावत्या, करार, पासबुकातली नोंद, फोनवरचे निरोप, सगळे एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा. फोन बदलण्याआधी निरोपांची छापील प्रत काढून घ्या. पैसे फोनवरून गेले असतील आणि फसवणूक उघड असेल तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवा. पहिले काही तास मोलाचे असतात. माल व कंपनी यांच्याबद्दलची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर सांगता येते. माल परत घेतला नाही, खराब निघाला, तर चंद्रपूर व गडचिरोलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. तिथे वकील लावलाच पाहिजे असे नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

गावातल्या अनेकांचे पैसे एकाच साखळीत गेले असतील तर प्रत्येकाने एकटे जाऊ नये. एका रविवारी बसून सर्वांची नावे, रकमा आणि तारखा एका कागदावर लिहा, ज्याने ज्याला आणले तेही खरे लिहा, आणि मिळून पोलीस ठाण्यात जा. जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे प्रकरण जावे अशी विनंती अर्जात करा. ठाण्यातून निघताना अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.